सूर्य एकच, ऊन निराळे



गेल्या श्रावणात आम्ही काही सभासद माळशेज घाट उतरून मुरबाड तालुक्यात सोयऱ्यांकडे गेलो होतो. घाटावरून निघालो तेव्हा ढग होते, पण मधूनमधून ऊनही पडत होते. माथा ओलांडला आणि मोटारीचे दिवे लावावे लागले. टोकावड्याच्या पुढे पोहोचलो तरी उजेड म्हणावा तसा नव्हताच. भर दुपारी घरात बत्ती लागलेली होती.

जेवताना यजमानांनी विचारले, "पाव्हणं, पाऊस आमच्याकडं तुमच्या कितीतरी पट. खत वेळेवर दिलं, रोग नव्हता. मग गेल्या साली भात पोचट का निघालं? पेंढा भरपूर, अन् झोडल्यावर निम्मी फोलपटं!"

प्रश्न त्यांचा असला तरी धडा आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे. पाणी आणि खत यांचा हिशेब आपण ठेवतो. उन्हाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. ऊन फुकट मिळते, म्हणून ते नेहमी सारखेच मिळते असे आपण धरून चालतो. पण तसे नाही.

वातावरणाच्या बाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १३६१ वॅट इतकी शक्ती पडते. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर त्यातली साधारण १००० वॅट पोहोचते, म्हणजे विजेच्या एका इस्त्रीएवढी. बाकीची वाटेत जाते. काही हवेतली वाफ आणि धूळ शोषून घेते, काही हवेचे कण इकडेतिकडे उधळतात. या उधळण्यात निळा रंग जास्त विखुरतो, म्हणून आकाश निळे दिसते.

याचा अर्थ जमिनीवर येणारे ऊन दोन प्रकारचे असते. एक थेट सूर्याकडून येणारे, ज्याने सावली पडते. दुसरे आकाशभर विखुरलेले, ज्याने सावलीतही उजेड राहतो. दाट काळा ढग आला की थेट ऊन बंदच होते आणि एकूण उजेड दहा-वीस टक्क्यांवर येतो. ढगातले पाण्याचे थेंब ऊन वर परत फेकतात. म्हणून विमानातून पांढराशुभ्र दिसणारा ढग खालून काळा दिसतो. पातळ ढगांचे मात्र तेवढे नुकसान नाही. त्यांतून येणारा विखुरलेला उजेड पिकाच्या खालच्या पानांपर्यंतही जातो.

आता मुरबाड-शहापूरचे बघा. सूर्य तिथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा १७ मेच्या आसपास आणि पुन्हा २६ जुलैच्या आसपास. त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दोन्ही दिवशी सूर्याची उंची तीच. पण मे महिन्यात माहुलीचा कातळ हात लावू देत नाही आणि जुलैत तोच डोंगर दिवसदिवस दिसत नाही. सूर्य कमी झाला नाही, मध्ये ढग आला. समुद्राकडून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिचे ढग बनतात. माथा ओलांडून हवा खाली उतरू लागली की ढग विरळ होतात. म्हणूनच मुरबाड आणि जुन्नर जवळपास एकाच अक्षांशावर असूनही पावसाळ्यात दोन्हीकडचे ऊन निराळे.

हिवाळ्यात दुसरी अडचण येते. डिसेंबरात तिथे दुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे किरण तिरपे येतात आणि त्यांना जास्त हवा कापावी लागते. त्यातच पहाटे जमिनीलगत गार हवा बसते. चुलींचा, वीटभट्ट्यांचा आणि वाहनांचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. ऊन चांगले वर येईपर्यंत तो हटत नाही.

धुराची गोष्ट किरकोळ समजू नये. आपल्या देशात ऊन मोजण्याच्या कामाची घडी बसवण्यात भारतीय हवामान खात्याच्या अण्णा मणी यांचा मोठा वाटा होता. त्यांचा देशातील सौरप्रारणाच्या आकड्यांचा ग्रंथ १९८० साली निघाला. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८१ ते २००४ या काळातील देशातल्या १२ केंद्रांच्या नोंदी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडला. जमिनीवर पोहोचणारे ऊन त्या काळात दरवर्षी सरासरी ०.८६ वॅट प्रति चौरस मीटर या गतीने घटत गेले होते. आकडा लहान दिसतो, पण तो वर्षानुवर्षे साठत जातो.

आता यजमानांच्या भाताकडे वळू. झाडाची साखर पानात बनते आणि ती उन्हाशिवाय बनत नाही. भाताचा दाणा भरतो तो मुख्यतः पोटरी ते पक्वता या काळात बनलेल्या साखरेवर. यजमानांनी पाणी धरून ठेवणाऱ्या खोल खाचरात हळवे भात लावले होते. ते ऑगस्टअखेर फुलले आणि नेमकी तेव्हाच झड लागली. सततच्या पावसाने फुलोऱ्यात परागही धुतला गेला आणि पुढे दाणा भरायला ऊनही मिळाले नाही. पेंढा वाढला, दाणा राहिला. जुनी माणसे माळावर हळवे आणि खाचरात गरवे लावत, ते उगाच नव्हे. गरवे भात आकाश उघडल्यावर फुलते.

उसाला ऊन भाताहून जास्त लागते. प्रखर उन्हात भाताचे पान "पुरे" म्हणते, तेव्हाही उसाचे पान काम करतच राहते. म्हणून उन्हाच्या बाबतीत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आठवडाभर झड असताना युरियाचा मोठा हप्ता देऊ नये. ऊन नसताना नत्र दिले की पाला माजतो, पीक लोळते, रोग येतो. उघडीप बघून विभागून द्यावे.

२) दाटी करू नये. चारसूत्री भातलावणीत १५ आणि २५ सें.मी.चे अंतर आलटून पालटून ठेवतात. त्यामुळे बुंध्यापर्यंत उजेड जातो. उसाची सरी रुंद ठेवण्यामागेही हा एक हेतू आहे.

३) पाचट जाळू नये, सरीत कुजवावे. खाली राब भाजतात, वर आपण पाचट पेटवतो. धूर सर्वांच्याच शेतावर जातो आणि जमिनीचे खत जळते ते वेगळेच.

४) सौरपंप असल्यास पाट्या नियमित पुसाव्यात आणि पाण्याच्या पाळ्या ढगाळ दिवस धरून आखाव्यात.

ऊन ओळखायची एक सोपी रीतही आहे. सूर्याकडे थेट पाहू नये. हात लांब करून तळव्याने सूर्य झाका आणि भोवतालचे आकाश बघा. तळव्याच्या कडेपर्यंत निळे दिसले तर हवा स्वच्छ. पांढरट कडे दिसले तर हवेत धूळ, धूर किंवा बाष्प आहे. काठीच्या सावलीची कड फिसकटलेली असेल तर पातळ ढगाची खूण समजावी.

यजमानांनी यंदा खोल खाचरात गरवे लावायचे ठरवले आहे. "एक वरीस बघतो," म्हणाले. आम्हीही त्यांना सांगून आलो आहोत की दिवाळीनंतर भात बघायला येऊ. तोवर सभासदांनी आपल्या वहीत पावसाच्या रकान्याशेजारी उन्हाचा एक रकाना आखावा. त्यात रोज "कडक", "पातळ" किंवा "नाही" एवढेच लिहिले तरी पुरे. गळिताच्या वेळी उताऱ्याच्या आकड्यांशेजारी ती वही ठेवून पाहू.