नॉरॅड चालू केलंय : बिलात पैसे कशाचे लागतात?

आयसीयूच्या दारात डॉक्टर सांगतात, ‘बीपी खूप खाली गेलंय, नॉरॅड चालू केलंय’, आणि पाठोपाठ डिपॉझिटची चिठ्ठी हातात येते. नॉरॅड म्हणजे नॉरॲड्रेनालिन. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागतात तेव्हा, सलाईन देऊनही बीपी सावरलं नाही, की शिरेतून पहिल्यांदा देतात ते हेच. बिल त्याच्यामुळे फुगतं असं नातेवाइकांना वाटतं. बहुतेक वेळा बिलाचा मोठा भाग असतो तो हे औषध चालू असताना ठेवाव्या लागणाऱ्या अहोरात्र देखरेखीचा.

हिशेब करून पाहा. किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम या वेगाने ६० किलोच्या रुग्णाला दिवसभरात सुमारे ८.६ मिलिग्रॅम औषध लागतं. ‘४ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट’ असं छापलेल्या ॲम्प्यूलमध्ये मूळ औषध २ मिलिग्रॅम असतं. म्हणजे दिवसाला चार-पाच ॲम्प्यूल. सिरिंज बदलताना वाया जातं ते धरून एखादी जास्त. वेग पाचपट झाला तर वीस-बावीसही लागतात. म्हणून बिलावरचा आकडा पाहून आधी भांडू नका. ‘काल कोणत्या वेगाने चालू होतं?’ असं विचारा. आयसीयूच्या चार्टवर त्याची नोंद असते. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर मात्र खुलासा मागायचाच.

उरलेले पैसे जातात आयसीयूच्या खाटेला, सिरिंज पंपाला, मानेजवळच्या सेंट्रल लाईनला आणि मनगटातून क्षणाक्षणाचं बीपी दाखवणाऱ्या आर्टरी लाईनला. इथे काटकसर नको, हे अगदी कळकळीने सांगतो. या औषधाचा परिणाम एक-दोन मिनिटांत ओसरतो. सलाईनच्या बाटलीत घालून थेंब मोजत दिलं आणि रुग्णाने हात वाकवला, तर बीपी कोसळू शकतं. म्हणूनच पंप लागतो, आणि चालू सिरिंज संपण्याआधी दुसरी भरून ठेवणारी सिस्टरही.

घाईच्या वेळी औषध हाताच्या शिरेतून सुरू करतात, ते योग्यच आहे. तेव्हा भेटायला गेलात की सुईभोवती नजर टाका. कातडी पांढरी पडलीय, गार लागतेय, रुग्ण ‘आग होतेय’ म्हणतोय, असं दिसलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी मरू शकते. पंपाला मात्र आपण हात लावायचा नाही, अलार्म वाजला तरी.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. औषध रुग्णालयाच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही. तरी पहिले काही तास बाहेर धावण्यात घालवू नका. पुढे बीपी वाढवणारं दुसरं औषध, व्हासोप्रेसिन, जोडलं आणि ते बाहेरून आणायचं असेल, तर बर्फाच्या पिशवीतून आणा. बिल रोज मागा, तपशीलवार मागा. दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीभाड्याला ५ टक्के जीएसटी लागतो, पण आयसीयूची खाट त्यातून वगळलेली आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असेल तर भरती होतानाच तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा, डिस्चार्जपर्यंत थांबू नका. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.