दूध आहे, पाळणा आहे. मग उणे काय?

तान्ह्या बाळाला वाढण्यासाठी काय लागते? दूध, ऊब आणि स्वच्छता, असे तुम्ही चटकन सांगाल. पण एवढे पुरते का?

१९४५ साली रेने स्पिट्झ या मानसरोगतज्ज्ञाने दोन ठिकाणच्या अर्भकांची तुलना प्रसिद्ध केली. एक होते स्वच्छ, नीटनेटके अनाथालय. तेथे साधारण आठ बाळांमागे एकच परिचारिका होती. दुसरे होते तुरुंगातील बालगृह. तेथे कैदी माता आपल्या बाळांना स्वतः सांभाळत. अनाथालयातील ९१ पैकी ३४ मुले दोन वर्षांत दगावली. तुरुंगातील बालगृहात पाहणीच्या काळात एकही मूल दगावले नाही!

येथे एक शंका येते. अनाथालयातील मुले मुळातच अशक्त असली तर? तिचे उत्तर पुढे रोमानियात मिळाले. तेथील राजवट १९८९ मध्ये कोसळली, तेव्हा बालगृहे मुलांनी भरलेली होती. २००० नंतर बुखारेस्ट शहरात संशोधकांनी ६ ते ३१ महिने वयाची १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने निम्मी मुले पालक-कुटुंबांकडे सोपवण्यात आली. उरलेल्यांनाही घर मिळाल्यास जाण्याची मोकळीक होती. साडेचार वर्षांच्या वयात बालगृहाच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७३, तर कुटुंबांकडे दिलेल्या गटाचा ८१ भरला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला.

असे का व्हावे? बाळ हुंकार देते, आई ‘ओ’ देते. बाळ हसते, आजी हसते. अशा प्रत्येक देवाणघेवाणीत मेंदूतील चेतापेशींचे जोड वापरले जातात, आणि वापरलेले जोड पक्के होतात. रडूनही कोणी येत नसेल, तर बाळ हळूहळू रडणेच सोडते. ते शहाणे झाले, असे आपण समजतो. खरे तर त्याने आशा सोडलेली असते.

मात्र ‘ओ’ देणारी व्यक्ती जन्मदात्रीच हवी असे नाही. रोज तेच, ओळखीचे, मायेचे माणूस हवे. उशिरा मिळालेली मायाही वाया जात नाही. पण लवकर मिळालेली अधिक फळते.

आज शेजारच्या बाळाजवळ पाच मिनिटे बसा. त्याने आवाज केला की उत्तर द्या, आणि ते पुन्हा किती वेळा बोलावते ते मोजून वहीत लिहा.