यंदा आमच्याकडे नाताळ नाही



आगमनकाळ सुरू झाला की एक प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. ज्यांच्या घरचे माणूस त्या वर्षी देवाघरी गेले, ते मिस्सानंतर बाजूला थांबून म्हणतात, "फादर, यंदा आमच्याकडे नाताळ नाही. तारा लावणार नाही. कॅरलवाल्या मुलांना आमच्या दारी पाठवू नका." गेल्या रविवारीही एक मावशी असेच म्हणाल्या. आम्ही "बरं" म्हटले आणि दिवसभर ते "बरं" आम्हालाच बोचत राहिले.

त्याच रात्री नाताळची गाणी ऐकत होतो, सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायकाची. त्यांच्यामुळे आम्ही आमच्या उत्तराचा फेरविचार केला, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सांगतो.

हा गायक मिशिगन राज्यातला, जन्म १९७५ चा. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपली गाणी आपणच ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना तिकडे 'इंडी' म्हणतात, त्यांतला हा एक. त्याने सावत्र वडिलांच्या साथीने स्वतःची छोटी कंपनी काढली. २००१ च्या नाताळात त्याने मित्रांना आणि घरच्यांना भेट म्हणून काही गाणी तयार केली. पुढे तो रिवाजच झाला, फक्त २००४ चे वर्ष चुकले. २००६ मध्ये असे पाच संच 'साँग्ज फॉर ख्रिसमस' या नावाने एका पेटीत लोकांसमोर आले. गाणी ४२. सोबत शब्द आणि कॉर्ड्सची वहीही दिलेली, म्हणजे नुसते ऐकू नका, घरी गा! २०१२ मध्ये 'सिल्व्हर अँड गोल्ड' ही दुसरी पेटी आली, तिच्यात ५८. एकूण बरोबर शंभर.

त्यांत जुनी भक्तिगीते आहेत, त्याची स्वतःची गाणी आहेत आणि निव्वळ धमालही आहे. एका बारा मिनिटांच्या गाण्यात नाताळ स्वतःला एकशिंगी घोडा म्हणवतो आणि आपल्यात काय काय भेसळ झाली त्याची यादी वाचतो. त्यात आम्हा कॅथलिकांनाही एक टपली आहे. ती आम्ही हसत सोसली.

पण आम्ही थांबलो ते दुसऱ्याच दोन गाण्यांपाशी.

पहिले त्याचे स्वतःचे. 'आजवरचा सर्वांत वाईट नाताळ' अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. घरात भांडण पेटले आहे, बाप रागाने भेटवस्तू शेगडीत टाकतो आहे, बहीण घराबाहेर पळाली आहे. चाल मात्र अगदी हळुवार. शेवटाकडे पुनरुत्थानाचा एक उल्लेख येतो, तोही आवाज न चढवता. किती घरांत नाताळच्या दिवशी दारू आणि भांडण एकाच वेळी येतात, हे आपण जाणतो; आपल्या गाण्यांत ते कधी येत नाही. या गायकाची आई तो वर्षाचा असतानाच घर सोडून गेली होती. दुसरी पेटी नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाली आणि डिसेंबरात ती वारली.

दुसरे गीत १६३० सालचे, योहान हेरमान या जर्मन कवीचे. बाखने ते आपल्या 'मत्तयकृत दुःखसहना'त घेतले आहे. पापी माणूस क्रुसाखाली उभा राहून प्रभूला विचारतो, तुझा अपराध तरी काय? आणि अपराधी आपणच असल्याचे कबूल करतो. म्हणजे शुभ शुक्रवारचे गीत! ते नाताळच्या पेटीत, आणि तेही तीन वेळा. आम्हाला आधी वाटले, गड्याची काहीतरी गफलत झाली.

मग आठवले की आपली उपासना हेच करते. २५ डिसेंबरला आम्ही पांढरा झगा घालतो आणि लगेच २६ ला लाल, कारण त्या दिवशी दगडांखाली मेलेल्या संत स्तेफनचा सण. २८ ला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा, म्हणजे रडणाऱ्या आयांचा दिवस. बाळाला मंदिरात नेले तेव्हा शिमोनाने मरियेला काय सांगितले? तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. हे सारे ख्रिस्तजन्माच्या गोष्टीतच आहे, बाहेरून आणलेले नाही. आपणच ते केकच्या ताटाखाली झाकून ठेवतो.

'ये, ये, इम्मानुएल' अशी हाक मारणारे आगमनकाळातले गीतही या गायकाने २००१ ते २००६ या काळात तीनदा ध्वनिमुद्रित केले. १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी ज्या सात आळवण्या म्हणतात, त्यांवरून ते रचलेले आहे. तेच गीत पुन्हा पुन्हा का? सेमिनरीत किर्केगार्दचे 'पुनरावृत्ती' हे पुस्तक आमच्या डोक्यावरून गेले होते. आता थोडे कळते. गेल्या वर्षी हे गीत गाताना शेजारी जे माणूस होते ते यंदा नसते, आणि शब्द तेच असूनही हाक वेगळी निघते. त्या गीताचे सूर मुळातच उदास आहेत. ज्याच्याकडे सर्व काही आहे तो कशाला कोणाला 'ये' म्हणेल?

म्हणून मावशींना दिलेले ते "बरं" आम्ही मागे घेत आहोत. शुक्रवारी गायकवृंदाच्या मुलांशी बोललो. यंदा शोक असलेली घरे वगळायची नाहीत. तिथे ढोलकी नाही, टोपी नाही, फराळाची अपेक्षा नाही. चार-पाच मुलांनी जायचे, इम्मानुएलचे ते एकच गीत हळू आवाजात गायचे, एक 'आमच्या बापा' म्हणायचा आणि निघायचे. मुलांपैकी एकाने विचारले, "घरातले रडायला लागले तर?" आम्ही म्हणालो, गाणे पूर्ण करा.

अर्थात घरच्यांची इच्छा असेल तरच. ज्यांना चालेल त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत सॅक्रिस्तीत किंवा आम्हाला सांगावे. तारा लावला नसला तरी मुलांना घर सापडेल.

आपले,
फादर