पहिल्या महिन्यानंतरचा बोनमॅरो रिपोर्ट

प्रश्न : माझ्या ७ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग (बी-सेल ए.एल.एल.) आहे. तो बरा होईल का, हे आधी कळतं का?
– एक आई, अकलोली

उत्तर : ताई, बऱ्याच अंशी कळतं. त्याचं वय अनुकूल आहे. निदानावेळच्या पांढऱ्या पेशी ५०,०००च्या आत असतील तर आणखी चांगलं. जनुकीय तपासणीही महत्त्वाची. पण सर्वांत मोलाची म्हणजे साधारण महिनाभराच्या उपचारांनंतरची ‘एम.आर.डी.’, म्हणजे बोनमॅरोत उरलेल्या कर्कपेशींची तपासणी. १०,००० पेशींमागे एकापेक्षा कमी कर्कपेशी उरली, तर आजार उलटण्याचा धोका बराच घटतो. जास्त उरल्या तरी खचू नका. औषधं वाढवायची की नाही, ते त्यावरूनच ठरतं. खारघरला टाटा रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्रात ही तपासणी होते.

केमो संपेपर्यंत मात्र त्याला गावच्या गरम कुंडांत उतरवू नका. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्यावर साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप आला तर मध्यरात्रीसुद्धा रुग्णालय गाठा.