दुकानाच्या इंटरनेटचा पत्ता: कायमचा की बदलता?

सिल्लोडच्या बाजारपेठेत आता इंटरनेट नसलेले दुकान शोधावे लागेल. मिरची-मक्याचा व्यापारी बाहेरगावचे भाव पाहतो, लाकडाचा व्यापारी ई-वे बिल काढतो, ऑनलाइन सेवा केंद्रवाला दिवसभर लोकांचे अर्ज भरतो, आणि कॅमेरे तर वेल्डिंगच्या शेडपासून बेकरीपर्यंत सर्वांनी लावले आहेत. ही जोडणी घेताना कंपनीचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, "स्टॅटिक आयपी पाहिजे का? त्याचे पैसे वेगळे पडतील." यावर आपले काही बांधव "जे चांगले असेल ते द्या" म्हणतात, तर काही पैशाचे नाव ऐकताच "नको" म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे प्रश्न न समजताच दिलेली असतात. म्हणून या अंकात हा विषय थोडा सविस्तर पाहू.

इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो. त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. माहिती मागणारा कोण आणि उत्तर कोठे पाठवायचे, हे या क्रमांकावरून ठरते. जुन्या व आजही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो, मध्ये टिंब असते आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१.

हा पत्ता दोन प्रकारे मिळतो. बाजार समितीच्या आवारात ज्याचा स्वतःचा गाळा आहे, त्याचा गाळा क्रमांक वर्षानुवर्षे तोच राहतो. गिऱ्हाईक डोळे मिटून तेथे येते. हा झाला स्टॅटिक, म्हणजे कायमचा पत्ता. आठवडी बाजारात पाल ठोकणाऱ्याचे तसे नसते. आज जी जागा मोकळी दिसली तेथे तो बसतो, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे. त्याचा धंदा काही थांबत नाही, पण त्याला शोधायचे तर बाजारभर फिरावे लागते. हा झाला डायनॅमिक, म्हणजे बदलता पत्ता. कंपनीजवळ पत्त्यांचा एक साठा असतो. आपला राउटर चालू झाला की त्यातील एक पत्ता काही मुदतीसाठी त्याला दिला जातो. मुदत संपली, किंवा लाईट जाऊन राउटर बंद पडला व पुन्हा सुरू झाला, की दुसरा पत्ता मिळू शकतो. हे वाटप आपोआप करणारी डीएचसीपी नावाची पद्धत १९९३ सालापासून वापरात आहे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. आपण बाहेर जाऊन काही मागतो, म्हणजे व्हॉट्सॲप पाहतो, जीएसटीचे विवरण भरतो, बँकेचा हिशेब पाहतो, तेव्हा आपला पत्ता कायमचा आहे की बदलता, याने काडीचाही फरक पडत नाही. पालवाला पोस्टात जाऊन मनीऑर्डर करू शकतोच. फरक पडतो तो बाहेरच्या कोणी आपल्याकडे यायचे असेल तेव्हा. स्टॅटिक पत्ता घेतल्याने इंटरनेटचा वेग वाढतो, असे सांगून तो गळ्यात मारणारेही भेटतात. ते खरे नाही.

पत्ते पुरेनात

पत्ता बदलता का ठेवतात आणि कायमच्या पत्त्याचे पैसे का घेतात? कारण साधे आहे, माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त. चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा हा आकडा अफाट वाटला होता. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाही टंचाईची झळ लागत नव्हती. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागात शिधावाटपासारखे मोजून-मापून देणे सुरू झाले. एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींवर गेली आहे. हिशेब वाचकांनीच करावा.

यावर कंपन्यांनी तोड काढली ती एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देण्याची. एका मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडे, पण टपाल सगळे वाड्याच्या नावाने, आणि आत कोणाचे पत्र कोणाचे याची वही दरवानाकडे, अशी ही व्यवस्था आहे. अशा ग्राहकाला खरे तर बदलता पत्ताही स्वतःचा मिळालेला नसतो. आपले काय आहे हे तपासणे सोपे आहे. राउटरच्या पानावर कंपनीकडून मिळालेला पत्ता दिसतो. तो १० या आकड्याने सुरू होत असेल, किंवा त्याचा पहिला आकडा १०० व दुसरा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर आपण वाड्यातले बिऱ्हाड आहोत असे समजावे.

सहाव्या आवृत्तीची, म्हणजे आयपीव्ही६ ही नवी पद्धतही आली आहे. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि आपल्याकडील मोबाइल कंपन्या ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. पण जुनी पद्धत अद्याप गेलेली नाही, म्हणून प्रश्न कायम आहे.

कोणाला लागतो, कोणाला नाही

सर्वाधिक गोंधळ कॅमेऱ्यांबाबत आहे. "घरी बसून मोबाइलवर दुकान पाहायचे तर स्टॅटिक आयपी लागतोच," हे वाक्य एके काळी खरे होते. आता बहुतेक डीव्हीआर स्वतःच आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतात. मोबाइलमधील ॲपही तेथेच जाते आणि दोघांची गाठ तेथे पडते. डब्यावरचा चौकोनी कोड मोबाइलने वाचला की काम होते. येथे कायमच्या पत्त्याची गरज नाही. एवढेच की कॅमेरा कंपनीने ती सेवा बंद केली तर पाहणेही बंद पडते. म्हणून अनोळखी छापाचा स्वस्त माल घेताना याचा विचार करावा.

यूपीआयचा बोलका डबा, बिलाचे सॉफ्टवेअर, ई-वे बिलाची वेबसाइट यांनाही स्टॅटिक पत्ता लागत नाही. तो लागतो तो वेगळ्या कामांना. मुख्य दुकानातील संगणकावर हिशेब आहे आणि अजिंठा किंवा भोकरदनच्या शाखेतून त्याच संगणकावर काम करायचे आहे, दोन दुकाने सुरक्षित मार्गाने एकमेकांना जोडायची आहेत, किंवा बँकेने अथवा मोठ्या खरेदीदार कंपनीने "तुमचा ठरलेला पत्ता कळवा, त्याच पत्त्यावरून आलेली विनंती आम्ही स्वीकारू" असे लेखी सांगितले आहे, अशा वेळी तो जरूर घ्यावा. आमच्या मते आपल्या बाजारपेठेत असे व्यापारी मोजकेच निघतील.

आणखी एक मधला मार्ग आहे. बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव जोडून देणारी सेवा मिळते. पत्ता बदलला की राउटर त्या सेवेला नवा पत्ता कळवतो आणि आपण नावाने पोहोचतो. मात्र वर सांगितलेल्या वाड्यातील बिऱ्हाडाला याचा उपयोग होत नाही.

कायमचा पत्ता घेणाऱ्याने दाराला कुलूपही तसेच लावले पाहिजे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कोणतीही जादू केली नाही. कारखान्यातून आलेले नाव व पासवर्ड लोकांनी बदललेले नव्हते, तेच त्याने वापरून पाहिले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच उपकरणांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतील कित्येक नामांकित वेबसाइट काही तास बंद पडल्या. उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. आपला डीव्हीआर थेट बाहेरून उघडणारा ठेवला असेल आणि पासवर्ड अजून "ॲडमिन" किंवा १२३४५६ असेल, तर आजच बदलावा.

दुकानाच्या आत मात्र कायमचा पत्ता फुकट मिळतो, आणि त्याची खरी गरज पुष्कळांना आहे. राउटर आतील संगणक, प्रिंटर व डीव्हीआर यांनाही पत्ते वाटतो. हे १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. ते दुकानाबाहेर चालत नाहीत. रात्री लाईट गेली, सकाळी आली, आणि काल ज्या प्रिंटरचा शेवटचा आकडा ७ होता त्याचा आज ९ झाला. संगणक बिचारा ७ वर कागद पाठवत बसतो आणि "प्रिंटर ऑफलाइन" दाखवतो. समोर गिऱ्हाइकांची रांग. मग दुरुस्तीवाल्याला बोलावून त्याला पैसे द्यायचे. यावर उपाय असा की राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा. बहुतेक राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाची सोय असते. प्रिंटरमध्येच आकडा पक्का करायचा असेल, तर राउटर ज्या मर्यादेत वाटप करतो तिच्या बाहेरचा आकडा निवडावा, नाहीतर एकच आकडा दोघांना जाऊन दोघेही अडतात.

पत्ता आणि माणूस

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती आता सांगतो. आयपी पत्ता हा जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. बदलता असेल तर तो त्या जोडणीकडेही ठरावीक वेळेपुरताच असतो. हे विसरले गेले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ साली ऑर्कुट या वेबसाइटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्यावरून पुणे पोलिसांनी ऑगस्टअखेर बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून आला तो याच्या नावे असल्याची माहिती इंटरनेट कंपनीकडून आली होती. ती माहिती चुकीची निघाली. तोपर्यंत त्या निरपराध तरुणाने सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढले होते.

दुसरा प्रसंग नवी मुंबईचा. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे धमकीचा ई-मेल आला. त्याच्या पत्त्याचा माग काढत पोलीस सानपाड्यातील एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्यांच्या घरातील वाय-फायचा वापर भलत्याच कोणी केला होता, असे पुढे तपासात निघाले.

म्हणून दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवण्याची पद्धत आम्हाला धोक्याची वाटते. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे जिवावर येते, हे खरे आहे. त्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय करता येते. त्यामुळे आपले संगणक व डीव्हीआर त्यांच्यापासून अलग राहतात. पण बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता आपलाच असतो, ही गोष्ट त्याने बदलत नाही. म्हणून तेही ओळखीच्या माणसालाच द्यावे आणि काम झाले की बंद करावे. नोकर काम सोडून गेला की पासवर्ड बदलावा. स्टॅटिक पत्ता घेतलेल्याने तर अधिक जपावे, कारण त्याच्या बाबतीत वेळेची नोंदही पाहावी लागत नाही. पत्ता म्हणजे थेट त्याचे दुकान.

कधी चौकशीचा प्रसंग आलाच, तर पत्ता, तारीख, तास-मिनिट-सेकंद हे सर्व विचारून घ्यावे आणि वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची, हेही पाहावे. दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर आहे. वाटून दिलेल्या पत्त्यात तर पोर्ट क्रमांक नावाचा आणखी एक आकडा असल्याशिवाय नेमका ग्राहक ठरतच नाही. कोणता पत्ता केव्हा कोणाकडे होता याची नोंद किमान २ वर्षे ठेवण्याचे बंधन दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांवर घातले आहे. वकिलामार्फत त्या नोंदीचा आग्रह धरता येतो.

स्टॅटिक पत्ता घेण्याचे ठरलेच, तर कंपनीकडून तो पत्ता, गेटवे, सबनेट मास्क आणि डीएनएस हे चार तपशील लेखी घ्यावेत व बिलाच्या फाइलमध्ये लावून ठेवावेत. आकार महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारावे. आणि हा पत्ता त्या कंपनीचा असतो, आपल्या मालकीचा नव्हे. कंपनी बदलली की तो मागेच राहतो, दुकान दुसऱ्या जागी नेले तरी तो सोबत येईलच असे नाही. ज्या बँकेला किंवा खरेदीदाराला तो कळवला असेल, त्यांना नवा पत्ता जोडणी तोडण्यापूर्वीच कळवावा.