गृहकृत्यांतील काटकसर

काटकसर हा शब्द उच्चारतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अर्धपोट जेवण आणि ठिगळें लाविलेलीं वस्त्रें उभीं राहतात. हा समज बरोबर नाहीं. आवश्यक त्या ठिकाणीं हात आंखडणें ही कृपणता होय; निष्कारण नाश पावणारी वस्तु राखणें ही काटकसर होय. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत पांच भाकरी व दोन मासळ्या यांवर पांच हजार पुरुषांची तृप्ति झाल्याचें वर्णन आहे. त्या प्रसंगीं कोणालाही घांस मोजून दिले नाहींत. तरीही भोजनानंतर प्रभूनें शिष्यांना उरलेलें अन्न वेंचावयास लाविलें, व त्याच्या बारा टोपल्या भरल्या. ज्याला अन्नाची वाण नव्हती त्यानेंच ही आज्ञा करावी, यांत काटकसरीचें सारें तत्त्व आलेलें आहे. हात मोकळा असावा, परंतु नजर सांडलेल्या कणावर असावी.

हें तत्त्व आपल्या घरांत कोठें लावतां येईल, तें विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या साह्यानें शोधावें.

प्रथम चुलीकडे पाहूं. मग ती लांकडाची असो वा गॅसची. उघड्या भांड्यांतील पाणी उकळूं लागलें कीं त्याचें तपमान सुमारें १०० अंशांवर स्थिर राहतें. त्यानंतर आंच कितीही वाढविली तरी पाणी अधिक तापत नाहीं. तें केवळ अधिक वेगानें वाफ होऊन उडून जातें. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७० किलोकॅलरी उष्णता पुरते. परंतु त्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वाफेच्या रूपानें उडून गेलेलें पाणी सातपटींहून अधिक इंधन खाऊन जातें. म्हणून दोन नियम ध्यानांत ठेवावे: भांड्यावर झांकण असावें, आणि उकळी फुटतांच आंच मंद करावी. यास एक पैही लागत नाहीं.

दुसरी युक्ति भिजविण्याची. कडधान्यें शिजण्यास जो वेळ लागतो, त्याचा बराचसा भाग दाण्यांत पाणी मुरण्यांत जातो. हें काम थंड पाणी रात्रभरांत फुकट करून देतें. हरभरे, वाटाणे, मठ हीं निजण्यापूर्वीं भिजत घालावीं. चिंच, आमसूल यांसारखे आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावे; आंबटाच्या संगतीनें दाणा लवकर मऊ होत नाहीं. खाण्याचा सोडा घातल्यास डाळ लवकर शिजते हें खरें, पण त्यायोगें तिच्यांतील 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश होतो. अशी बचत अन्नाचें सत्त्व घालवून केलेली असते, म्हणून ती टाळावी.

तिसरी युक्ति गवताच्या पेटीची. लांकडी खोक्यांत किंवा मोठ्या टोपलींत वाळलेलें गवत अथवा जुन्या गोधड्या दाबून बसवाव्या व मध्यें पातेल्यापुरती जागा ठेवावी. तांदूळ किंवा मुगाची डाळ झांकणासह कांहीं मिनिटें चांगली उकळून पातेलें त्या जागेंत ठेवावें आणि वरून गोधडी घालावी. उष्णता बाहेर जाण्यास वाट नसल्यामुळें अन्न आपोआप शिजत राहतें, आणि करपण्याचें भय राहत नाहीं. मात्र पेटी वारंवार उघडूं नये, व अन्न तासन्‌तास कोमट स्थितींत ठेवूं नये. वाढण्यापूर्वीं पुनः एक उकळी द्यावी. राजमा या रीतीनें कधींही शिजवूं नये. त्यांतील अपायकारक द्रव्य नाहींसें होण्यास भरपूर उकळणें अवश्य असतें.

पेटींत उष्णता कोंडली जाते. प्रेशर कुकरमध्यें वाफ कोंडली जाते. दनी पापँ या शास्त्रज्ञानें १६७९ सालीं असें पात्र सिद्ध केलें. कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, म्हणून अन्न लवकर शिजतें. कुकरमध्यें वाफ भरल्यावर आंच कमी करण्याचा नियम येथेंही लागू आहे.

आतां नळ व दिवा यांकडे वळूं. गळक्या नळाचा एक थेंब कोणाच्या खिजगणतींत नसतो. वीस थेंबांचें एक मिलीलिटर धरलें, तर सेकंदास एक थेंब गळणारा नळ दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक, व महिन्याला सुमारें १३० लिटर पाणी घालवितो. नळांतील झिजलेला वायसर बदलण्यास फारच थोडें मोल पडतें. तसेंच ६० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याइतका उजेड ९ वॅटचा एल्‌ईडी दिवा देतो. रोज पांच तास दिवा जळत असेल, तर एकाच दिव्यामागें महिन्यास साडेसात युनिटांहून अधिक वीज वांचते.

येथपर्यंत पैशाचा हिशेब झाला. परंतु घरांत असा एक खर्च आहे कीं जो कोणाच्याही वहींत लिहिला जात नाहीं. तो म्हणजे आईचा वेळ. चार पैसे स्वस्त मिळतात म्हणून लांबच्या बाजारास तिला पायीं पाठविणें ही काटकसर नव्हे. तो खर्च तिच्या पायांवर लिहिला गेला इतकेंच. मुलगा दिव्याखालीं अभ्यास करितो आणि त्याच इयत्तेंतील त्याची बहीण भांडीं घांसते, त्या घरांत वेळेची बचत झालेली नसते. एकाच्या खात्यांतून काढून ती दुसऱ्याच्या खात्यांत घातलेली असते. अशा हिशेबास प्रामाणिक हिशेब म्हणतां येत नाहीं.

म्हणून वेळ वांचविण्याच्या युक्त्या सर्वांनीं मिळून पाळावयाच्या आहेत. चुलीवर लांकडें जळत असल्यास भांड्याच्या बुडास बाहेरून ओली माती फांसावी, म्हणजे काजळी मातीबरोबर धुवून निघते. रिकामें झालेलें पातेलें तत्काळ पाण्यानें भरून ठेवावें. वाळलेलें अन्न खरवडण्याचे श्रम वांचतात. कात्री, सुई, चाव्या यांस ठराविक जागा असावी, कारण शोधण्यांत गेलेला वेळ कोणत्याही कामीं येत नाहीं. आणि प्रत्येकानें आपलें ताट स्वतः धुवावें, मग तो मुलगा असो वा मुलगी. रोज पंधरा मिनिटें वांचलीं, तर वर्षाला एक्क्याण्णव तास होतात. तेवढ्या तासांत आई एखादें पुस्तक वाचूं शकेल, बहीण आपला गणिताचा अभ्यास पुरा करूं शकेल, अथवा दोघीही क्षणभर स्वस्थ बसूं शकतील. स्वस्थ बसणें हाही त्यांचा हक्क आहे.

विद्यार्थ्यांनीं आजपासून सात दिवस एक लहानशी वही ठेवावी. पानाच्या एका बाजूस घरांत काय वांचलें तें लिहावें, व दुसऱ्या बाजूस तें कोणाच्या श्रमानें वांचलें तें लिहावें. आठव्या दिवशीं दुसऱ्या बाजूस एकच नांव पुनःपुनः आलेलें दिसल्यास, दुसऱ्या आठवड्यांत तेथें आपलें नांव लिहिलें जाईल असें वागावें.