आतड्याचा तुकडा काढल्यावर जोडणी कशी करतात?

"आतड्याचा खराब भाग काढावा लागेल," असे डॉक्टर म्हणाले की घरात दोन प्रश्न उठतात. उरलेले आतडे जोडणार कसे? आणि पोटावरची पिशवी कायमची राहणार का? उत्तर आजारावर अवलंबून आहे.

आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारे दोन मुख्य आजार आहेत. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटी. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात व गुदाशयात होतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच दिसतो. म्हणून ती शक्यता आधी तपासून घ्यावी. नाहीतर क्रोन्सच्या औषधांनी क्षयरोग बळावतो.

क्रोन्समध्ये शक्य तितके कमी आतडे काढतात, कारण आजार पुन्हा होऊ शकतो. कधी अरुंद जागा उभी कापून आडवी शिवतात. त्यामुळे वाट रुंद होते आणि आतडे वाचते. तुकडा काढलाच तर टोकाला टोक लावून टाके घालतात, किंवा दोन्ही आतडी बाजूला बाजू ठेवून स्टेपलरने रुंद तोंड करतात. आजार बऱ्याचदा जोडावरच परततो. म्हणून जपानचे सर्जन तोरू कोनो यांनी 2003 मध्ये 'कोनो-एस' पद्धत सुरू केली. यात बंद केलेली दोन टोके एकमेकांना शिवून आधार देतात आणि आतड्याला रक्त पुरवणारा पडदा जिथे चिकटलेला असतो, त्याच्या विरुद्ध बाजूला रुंद जोड करतात. काही अभ्यासांत तिचा फायदा दिसला आहे, सगळ्यांत नाही.

कोलायटिसमध्ये मोठे आतडे व गुदाशय काढल्यावर लहान आतड्याचे टोक दुमडून इंग्रजी 'जे' आकाराची थैली करतात व गुदद्वाराशी जोडतात. शौच नेहमीच्या वाटेने होते, पण दिवसातून अनेकदा जावे लागते. हे काम दोन-तीन टप्प्यांत होते.

पिशवी का? जोड गळला तर पोटात मळ पसरून जीवाला धोका होतो. अशक्तपणा, पोटातील पू किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस असतील तर धोका वाढतो. तेव्हा जोड भरेपर्यंत पोटावर तात्पुरती वाट काढतात. अनेकांची ती काही महिन्यांनी बंद होते. काहींना मात्र ती कायम ठेवावी लागते. पिशवी ही लाज नव्हे, जीव वाचवणारी सोय आहे. घरच्यांनीही तसेच वागावे.

घरी आल्यावर ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा छातीत धडधड झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. क्रोन्सच्या रुग्णाने बिडी-सिगारेट सोडलीच पाहिजे, कारण धूम्रपानाने आजार लवकर परततो. त्याने सहा ते बारा महिन्यांत दुर्बिणीने जोड तपासून घ्यावा.

सही करण्यापूर्वी विचारा: किती आतडे काढणार? जोड कसा करणार? पिशवी लागली तर किती दिवस? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. विचारणे हा रुग्णाचा हक्कच आहे.